भूमीचे पांग फेडणारे जॉर्ज कार्व्हर

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाच्या वहीखेरीज मी कधी काही लिहिलेले नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी वाचनालयातून वीणाताई गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक आणले, आणि तेव्हापासून कार्व्हर माझ्या स्वयंपाकघरातून काही हलत नाहीत. पुष्कळ जणींनी ते वाचले असेल. तरी मला जे भावले ते सांगते.

अमेरिकेत मिसुरी राज्यात, डायमंड गावाजवळ, १८६४ च्या सुमारास एका कृष्णवर्णीय गुलाम स्त्रीच्या पोटी जॉर्जचा जन्म झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गुलामाच्या लेकराची तारीख कोण ठेवणार! तो तान्हा असताना दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी शोध केला, तेव्हा मूल परत मिळाले, आई मिळाली नाही. मुलाच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला असे सांगतात.

डांग्या खोकल्याने पोर अशक्त झाले होते. म्हणून शेतावर न पाठवता मालकीण सुझानबाईंनी त्याला स्वयंपाक, धुणे, विणकाम शिकवले. बायकी कामे म्हणून ज्यांना नाक मुरडतात, त्याच कामांवर हा मुलगा पुढे शिकला. लोकांचे कपडे धुऊन त्याने फी भरली. एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि समोर उभा राहिल्यावर रंग पाहून दार लावले. तरी १८९६ साली आयोवामध्ये त्यांनी शेतीशास्त्रातली वरची पदवी मिळवली. त्याच वर्षी बुकर वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातील टस्कीगीच्या शाळेत गेले आणि आयुष्यभर तिथेच राहिले.

तिथली जमीन पिढ्यान् पिढ्या कापूस घेऊन घेऊन मेलेली होती. आमचे माहेर यवतमाळकडचे, त्यामुळे हे मला समजावून द्यावे लागले नाही. कूळ लोक वाट्याने शेती करीत. कापूस दारापर्यंत लावलेला, परसात भाजीचे पानही नाही. मक्याचे पीठ, खारवलेली चरबी व काकवी एवढ्यावर संसार चाले, म्हणून माणसेही जमिनीसारखीच खंगलेली.

कार्व्हरांपाशी प्रयोगशाळाही नव्हती. विद्यार्थ्यांकडून उकिरड्यावरच्या बाटल्या, डबे वेचून आणवून त्यांनी ती उभी केली. विकतचे खत गरिबाला परवडणार नाही, तेव्हा दलदलीतला गाळ आणि जंगलातला पालापाचोळा कुजवून घाला, असे ते सांगत. कापसानंतर चवळी, भुईमूग लावा. या पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतले जंतू हवेतला नत्र जमिनीत आणतात. रताळीही लावा, पोट भरते.

आता खरी मेख इथे आहे. भुईमूग लावला, पण पुढे त्याचे करायचे काय? घरच्या बाईला रांधता आले नाही तर नवरा पुढच्या वर्षी पुन्हा कापूसच लावणार. म्हणून त्यांनी पेरणीच्या माहितीबरोबर पाककृतीही छापल्या. १९१६ च्या त्यांच्या पुस्तिकेत भुईमुगाचे १०५ प्रकार आहेत. वाचता न येणाऱ्यांसाठी १९०६ पासून अवजारे, बियाणे घातलेली घोडागाडी खेडोपाडी फिरे. पुढे बोंडे पोखरणारा सोंडकिडा आला (आपल्या बोंडअळीहून हा निराळा) आणि कापूस बुडाला, तेव्हा लोकांना भुईमूग आठवला. १९२१ साली कार्व्हर अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे भुईमुगावर बोलले. दहा मिनिटे दिली होती, पण सभासदांनीच वेळ वाढवत नेली.

पीनट बटर त्यांनीच शोधले असे मुलांच्या पुस्तकांत असते, ते मात्र खरे नाही. त्यांच्या शेकडो पदार्थांपैकी फार थोडे बाजारात चालले. मला त्याने त्यांचा मोठेपणा कमी वाटत नाही. आपल्या गांधीजींनाही त्यांनी आहाराविषयीच्या पुस्तिका पाठवल्या होत्या. लग्न केले नाही, पगाराकडे लक्ष दिले नाही. शिल्लक होती ती टस्कीगीलाच संशोधनासाठी दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले. बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांना पुरले आहे.

पुस्तक वाचताना मला सारखी माझी आजी आठवत होती. ती पऱ्हाटीत तुरीच्या ओळी टाकायला लावी आणि बांधाला चवळी, अंबाडी स्वतः टोची. घरातल्या पंधरा माणसांचे वरण त्यातूनच होई. ती गेल्यावर दादाने सगळा कापूस केला. आता घरात माणसे वाढली, वावर तेवढेच, आणि शेतकऱ्याच्या घरी डाळ पुड्यातून येते. दिवाळीला मी हे बोलले तर दादा म्हणाला, पुस्तके वाचून शेती होत नाही. मला वाईट वाटले. कर्जाची काळजी त्याला आहे, मला नाही, हेही खरेच. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण निघताना त्यांनी पुस्तक मागून घेतले, आणि जूनमध्ये चवळीचे बी पाठवा असा निरोप आला. दादाने बांधालगतच्या चार ओळी दिल्या आहेत.