पदवी न घेता गेलेल्या खेळाडूच्या नावाची शिष्यवृत्ती

शिकून तरी आमच्या पोराला कोण साहेब करणार आहे, हा सवाल तुम्ही आपल्या वस्तीत कितीदा तरी ऐकला असेल. कधी तो बापाच्या तोंडून येतो, कधी कॉलेजची फी भरताना हात आखडलेल्या मामाच्या तोंडून येतो, आणि कधी तर खुद्द पोरगाच तो विचारतो. हा सवाल फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय तरुणाने १९४१ साली हाच सवाल स्वतःला विचारला, शिक्षणाचा आपल्यासारख्याला काही उपयोग नाही असे ठरविले आणि पदवी हाताशी आली असताना कॉलेज सोडले. पुढे तो त्या देशातील अत्यंत नामांकित खेळाडू झाला. नवल असे की, त्याच माणसाच्या नावाने त्याच्या मृत्यूनंतर एक शिष्यवृत्ती निघाली आणि तिच्या आधारावर गरीब घरांतील दीड हजारांहून अधिक मुला-मुलींनी कॉलेजचे शिक्षण घेतले. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन. घरातील सर्वांना जवळ बसवून वाचून दाखवावी अशी ही हकिगत आहे.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो या गावाजवळ झाला. घरची माणसे गोऱ्या जमीनदाराची जमीन अर्धेलीने कसणारी. आजा-आजीच्या पिढीने गुलामगिरी पाहिलेली. जॅकी तान्हा असतानाच बाप घर सोडून गेला. आई मॅली हिने १९२० साली पाच लेकरे बरोबर घेतली, आगगाडीत बसली आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील पासाडेना शहरी आली. तेथे तिने गोऱ्या लोकांच्या घरी धुणी-भांडी आणि झाडलोट करून मुले वाढविली. गोऱ्यांच्या आळीत तिने घर मिळविले, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला उठवून लावण्याची खटपट केली. माउली हलली नाही.

पासाडेनात दक्षिणेसारखे कडक कायदे नव्हते, पण रीत तीच. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात काळ्या मुलांना आठवड्यातून एकच दिवस पोहता येई आणि तो दिवस सरला की तलावातील पाणी काढून टाकून तलाव धुतला जाई. हे वाचताना तुम्हाला महाड आठवल्यावाचून राहणार नाही. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आणि आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा तेथील स्पृश्यांनी गोमूत्र-शेणाने तळे शुद्ध करून घेतले होते. जात आणि वर्ण या दोन गोष्टी एक नव्हेत, त्यांची मुळे वेगळी आहेत. पण पाणी बाटते या समजुतीला समुद्राची आडकाठी नाही एवढे खरे.

जॅकीचा थोरला भाऊ मॅक धावपटू होता. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटरच्या शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग तो दुसरा आला आणि रौप्यपदक घेऊन परतला. जगात दुसऱ्या क्रमांकाचा धावपटू! पासाडेनाने त्याला काय दिले? रस्ते झाडण्याचे काम. ऑलिंपिकचे जाकीट अंगात घालून तो शहराचे रस्ते झाडीत असे. पुढे न्यायालयाने पोहण्याचे तलाव सर्वांना खुले करावयास सांगितले, त्याचा राग म्हणून नगरपालिकेने काळ्या नोकरांना काढून टाकले आणि त्यांत मॅकचीही नोकरी गेली. घरात असा दाखला डोळ्यांसमोर असताना धाकट्या भावाने शिक्षणाबद्दल काय मत करून घ्यावे, याचा विचार तुम्हीच करा.

तरुणपणी जॅकी गल्लीतील टोळक्यात वावरू लागला होता, पोलिसांशीही खटके उडत. त्याला बाजूला काढले कार्ल डाउन्स नावाच्या एका तरुण पाद्र्याने. डाउन्सने त्याला उपदेश कमी केला आणि काम जास्त दिले. चर्चच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकविण्याची जबाबदारी जॅकीवर टाकली. तोपर्यंत तो लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाला होता. शनिवारी फुटबॉलच्या सामन्यात अंग ठेचून घ्यावे आणि रविवारी सकाळी दुखत्या अंगाने मुलांपुढे उभे राहावे, असा त्याचा क्रम. त्या विद्यापीठात चार निरनिराळ्या खेळांत मानचिन्ह मिळविणारा तो पहिला विद्यार्थी ठरला. आणि तरीही १९४१ च्या वसंतात, पदवीला थोडे महिने उरले असताना, त्याने कॉलेज सोडले. आई राबून राबून थकली होती, तिला हातभार हवा होता, आणि काळ्या माणसाला पदवी मिळाली तरी नोकरी मिळत नाही ही त्याची खात्री झाली होती. आईने समजावले. पुढे त्याची पत्नी झालेल्या रेचेल हिनेही समजावले. त्याने ऐकले नाही.

रेचेल मात्र शिकत राहिली. परिचारिकेचे शिक्षण तिने पुरे केले आणि मगच १९४६ च्या फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे सारी मदार हिच्यावरच आहे.

दुसऱ्या महायुद्धात रॉबिन्सन लष्करात गेले आणि १९४३ साली अधिकारी झाले. ६ जुलै १९४४ रोजी टेक्सासमधील कॅम्प हूड येथे बसच्या चालकाने त्यांना मागच्या बाजूस जाऊन बसण्यास फर्माविले. ते उठले नाहीत. त्यावरून प्रकरण वाढले आणि त्यांच्यावर लष्करी खटला भरण्यात आला. ऑगस्टमध्ये ते निर्दोष सुटले. माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला, त्याच्या अकरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

लष्करातून मोकळे झाल्यावर ते काही महिने टेक्सासमधील ऑस्टिन येथे काळ्या विद्यार्थ्यांच्या एका लहान कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. तेथे बोलावणारे कोण, तर कार्ल डाउन्सच. ते त्या कॉलेजचे अध्यक्ष झाले होते. हे डाउन्स १९४८ साली, पस्तिशीतच वारले. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती बिघडली असता काळ्यांच्या वेगळ्या वॉर्डात त्यांची हवी तशी देखभाल झाली नाही. रॉबिन्सन यांना हे दुःख जन्मभर पुरले.

आता बेसबॉलविषयी. हा आपल्या क्रिकेटसारखा चेंडू-दांडूचा खेळ आहे आणि क्रिकेटचे जे वेड आपल्याकडे, तेच तिकडे या खेळाचे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या व्यावसायिक संघांत काळ्या खेळाडूला जागा नव्हती. कायदा कोठेही लिहिलेला नव्हता, आणि न लिहिलेला कायदा किती पक्का असतो हे तुम्हाला सांगावयास नको. आपल्याकडे पुण्याचे पाळवणकर बाळू आठवा. चर्मकार समाजात जन्मलेला हा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. हिंदू संघ त्याच्या चेंडूवर सामने जिंकत असे, पण चहा त्याला मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. कप्तानपद त्याला कधीच दिले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याच्याकडे आले.

ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये रॉबिन्सन यांना बोलावून घेतले. अट एकच. शिव्या पडतील, अंगावर चेंडू मारले जातील, तरी उलट हात उचलावयाचा नाही. कोर्टात उभे राहूनही न वाकलेल्या माणसाला ही अट किती जड गेली असेल! या अटीबद्दल माझे मत संमिश्र आहे. जुलूम सोसणाऱ्यानेच सभ्यतेची परीक्षा द्यावी, यात न्याय कसला? पण एका चुकीने मागून येणाऱ्या सर्वांचे दार बंद झाले असते, हे रॉबिन्सन ओळखून होते. १५ एप्रिल १९४७ रोजी ते ब्रुकलिनच्या मैदानात उतरले. स्वतःच्याच संघातील काहींनी त्यांच्याविरुद्ध सह्यांचा अर्ज काढावयाचा घाट घातला होता. फिलाडेल्फियाच्या संघाच्या व्यवस्थापकाने मैदानावर घाणेरड्या शिव्यांचा भडिमार केला. हॉटेलांनी खोल्या नाकारल्या, ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचे पारितोषिक त्यांना मिळाले आणि १९४९ साली सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून गौरव झाला. पहिली काही वर्षे सरल्यावर त्यांनी मौन सोडले आणि मग पंच असो की पत्रकार, कोणाचीही भीड ठेवली नाही. गप्प असताना त्यांची वाहवा करणारे पुष्कळजण तेव्हा त्यांना उद्धट म्हणू लागले. हाही अनुभव तुमच्या ओळखीचा असेल.

खेळाच्या नोंदी येथे देत बसत नाही. १९५७ च्या आरंभी त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि ते एका कॉफी कंपनीत उपाध्यक्ष झाले. माणसाला येथे आराम करता आला असता. त्यांनी मात्र कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेकरिता गावोगाव फिरून निधी गोळा केला. जून १९६३ मध्ये स्टॅमफर्ड येथील स्वतःच्या घराच्या अंगणात जॅझ संगीताची मैफल भरविली. दक्षिणेत सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्यांच्या जामिनासाठी ते पैसे होते. १९६४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काळ्या लोकांची बँक काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला, कारण इतर बँका या लोकांना कर्जासाठी उभ्या करीत नसत. चुकाही झाल्या. १९६० च्या निवडणुकीत त्यांनी निक्सन यांचा प्रचार केला आणि पुढे त्याचा पश्चात्ताप केला. नव्या दमाच्या तरुण पुढाऱ्यांनी त्यांना गोऱ्यांचा माणूस म्हणून हिणविले. हे हिणविणे मला अन्यायाचे वाटते, पण त्या तरुणांचा संताप खोटा होता असेही म्हणवत नाही.

अखेरची वर्षे फार कठीण गेली. मधुमेहाने दृष्टी अधू झाली. थोरला मुलगा व्हिएतनामच्या युद्धातून परतला तो मादक पदार्थांच्या आहारी जाऊन. त्यातून तो सावरला, इतर व्यसनी तरुणांना सोडविण्याचे काम करू लागला आणि १९७१ साली मोटार अपघातात गेला. २४ ऑक्टोबर १९७२ रोजी जॅकी रॉबिन्सन वारले. वय अवघे ५३.

अशा माणसाच्या मागे काय करावयाचे? पुतळे उभे राहिले, रस्त्यांना, शाळांना नाव मिळाले. रेचेलबाईंनी १९७३ साली वेगळीच वाट धरली. त्यांनी स्वतः मानसोपचाराच्या परिचर्येत उच्च शिक्षण घेऊन येल विद्यापीठात शिकविले होते. पैशाअभावी आणि निराशेपायी अर्धवट सुटलेले कॉलेज म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या माणसाच्या आयुष्यात पाहिले होते. त्यांनी पतीच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले आणि कॉलेजची चार वर्षे पुरी होईपर्यंत साथ देणारी शिष्यवृत्ती सुरू केली. अंगणातील जॅझच्या मैफली पुढेही भरत राहिल्या आणि त्यांचे उत्पन्न या कामी येऊ लागले.

या शिष्यवृत्तीची निवड कशी होते ते नीट पाहा. गुण पाहतात, घरची गरज पाहतात. पण तेवढ्यावर भागत नाही. या मुलाने किंवा मुलीने आपल्या वस्तीसाठी, आपल्या लोकांसाठी काय केले, हेही विचारले जाते. लहान मुलांचा अभ्यास घेतला का, म्हाताऱ्यांच्या मदतीला गेला का, चार जणांना जमवून एखादे काम उभे केले का? कॉलेजात गेल्यावरही हे काम सुटत नाही. ते चालू ठेवावेच लागते. डाउन्सने पासाडेनातील त्या उनाड पोराला रविवारची शाळा सोपविली होती, त्याच जातीची ही अट आहे.

येथे आपल्या घरातील एक गोष्ट ताडून पाहा. १९१३ साली बाबासाहेब बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकावयास गेले. त्या शिष्यवृत्तीलाही अट होती, शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा राहावयास जागासुद्धा मिळू दिली गेली नाही आणि ती नोकरी सुटली. आपल्या लोकांची सेवा करावी, अशी अट त्यांच्या करारात कोणी घातली नव्हती. ती त्यांनी आपणहून जन्मभर पाळली. आणि शिकून मोठे झालेले लोक समाजाकडे पाठ फिरवितात, याची खंत त्यांनी १९५६ साली आग्र्याच्या सभेत उघडपणे बोलून दाखविली होती. तुमच्या वस्तीतील शिकलेली मंडळी रविवारी कोठे असतात, हे तुम्हीच मोजा.

रेचेलबाईंनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. नुसता पैसा दिला की गरीब घरचे मूल कॉलेजात टिकतेच असे नाही. घराण्यात कॉलेजचा उंबरठा प्रथमच ओलांडणाऱ्या मुलाला अर्ज कसा भरावा, प्राध्यापकाशी कसे बोलावे, नोकरीच्या मुलाखतीला काय घालून जावे, हे सांगणारे कोणी नसते. म्हणून प्रत्येकाला एक मार्गदर्शक नेमून दिला जातो. दरवर्षी सर्व विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कला एकत्र बोलावतात आणि काही दिवस ठेवून घेतात. मिशिगनचा मुलगा आणि फ्लोरिडाची मुलगी एका ताटाला बसतात, आपण एकटे नाही हे त्यांना कळते. या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ सर्वच जण पदवी घेऊन बाहेर पडतात.

१९९७ साली बेसबॉलच्या सर्व मोठ्या संघांनी रॉबिन्सन यांचा ४२ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. त्याच वर्षी पासाडेनाने नगरपालिकेच्या इमारतीसमोर जॅकी आणि मॅक या दोघा भावांची मोठाली काशाची शिरे बसविली. जॅकीचे तोंड पूर्वेला ब्रुकलिनच्या दिशेस आहे आणि ज्या नगरपालिकेने हातात झाडू दिला, तिच्याकडे तोंड करून मॅक आहे. २०२२ साली प्रतिष्ठानाने न्यूयॉर्कमध्ये रॉबिन्सन यांच्या नावाचे संग्रहालय उघडले, तेव्हा शंभरी गाठलेल्या रेचेलबाई फीत कापावयास हजर होत्या. शिष्यवृत्तीवर शिकून डॉक्टर, वकील, शिक्षक झालेल्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण पुढे नव्या मुलांचे मार्गदर्शक म्हणून परत आले आहेत.