मेचनिकॉव्ह : जंतूंशी मैत्री करणारा शास्त्रज्ञ

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जंतुशास्त्राशी माझा संबंध यावा असे काही कारण नव्हते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यातल्या वासराला दुधाऐवजी विकतची पावडर सुरू केली आणि त्याला हगवण लागली. पावडरीत सोयाबीन होते. सोयाबीनमधील काही प्रथिने कोवळ्या वासराला सोसत नाहीत, शरीर त्यांना शत्रू समजते आणि आतड्याला इजा होते, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले. पोटातल्या उपकारक जंतूंना पोसणाऱ्या अन्नाविषयी, म्हणजे प्रीबायोटिकविषयीही ते बोलले. जंतू उपकारक असतात हे जगाला पटवायला निघाले कोण, हे शोधताना मला इल्या मेचनिकॉव्ह भेटले.

त्यांचा जन्म १८४५ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खार्किव्हजवळच्या एका खेड्यात झाला. पहिली पत्नी लुडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली. त्या दुःखात त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने आजारी पडली, तेव्हाही ते असेच खचले. दोन्ही वेळा ते वाचले, हे विज्ञानाचे भाग्यच म्हणायचे.

१८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरातील काही पेशी शत्रूला गिळून टाकतात, हा सिद्धान्त त्यातून उभा राहिला. त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले.

मधला काळ मात्र कठीण होता. १८८६ मध्ये ओडेसा येथे निघालेल्या जंतुशास्त्र संस्थेचे ते प्रमुख झाले. तेथील सहकाऱ्यांनी मेंढ्यांना काळपुळीची लस टोचली आणि हजारो मेंढ्या दगावल्या. टीकेला कंटाळून १८८८ मध्ये त्यांनी ओडेसा सोडले. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या संस्थेत जागा दिली, आणि अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

उतारवयात त्यांना म्हातारपणाच्या प्रश्नाने पछाडले. मोठ्या आतड्यातील कुजवणारे जंतू शरीरात विष सोडतात, आणि आंबवलेल्या दुधातील जंतू त्यांना आवर घालतात, असे त्यांचे मत झाले. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांचा दाखला ते देत. स्वतःही नेमाने आंबवलेले दूध घेत. आपल्याकडे रोज विरजण लावणाऱ्या आजीला यात नवल वाटणार नाही. पण जंतू म्हणजे रोग, एवढेच शिकलेल्या युरोपला ते नवल होते.

जमाखर्च मांडायचा तर त्यांच्या खात्यावर चुकाही आहेत. मोठे आतडे निरुपयोगी नाही. तेथील जंतू न पचलेल्या तंतूंपासून अशी आम्ले तयार करतात, की त्यांवर आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. दह्याचे जंतूही पोटात कायमचे वस्तीला राहत नाहीत. दीर्घायुष्याचा आग्रह धरणारे मेचनिकॉव्ह १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी हृदयविकाराने गेले.

पण पोटातील जंतूंचा समतोल बदलून आरोग्य राखता येईल, ही त्यांची मूळ कल्पना टिकली. बाहेरून जंतू देण्यापेक्षा आत असलेल्यांनाच खाद्य द्यावे, या विचारातून १९९५ मध्ये प्रीबायोटिक हा शब्द आला. वासरे आणि डुकरांची पिल्ले यांच्या खाद्यावर आज त्या दिशेने संशोधन चालते.

आमचे वासरू बरे झाले ते पावडर बंद करून पुन्हा गाईच्या दुधावर ठेवल्यावर. गाईच्या चिकातही जंतूंना पोसणाऱ्या शर्करा असतात, हे मला नंतर वाचून कळले. आता ताकाचा पेला हातात घेतला की त्या दाढीवाल्या शास्त्रज्ञाची मला आठवण होते.