चालता चालता काम करणारा माणूस: पेणच्या गागोद्यातले विनोबा

मांडव्याच्या जेट्टीवर उतरा किंवा पेणच्या बाजारातून चक्कर मारा, एक दृश्य हमखास दिसतं. मान खाली, अंगठा स्क्रीनवर, पाय अंदाजाने पुढे. मागून एसटीचा हॉर्न वाजला की मग भान येतं.

याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. जग त्यांना विनोबा म्हणून ओळखतं. चालता चालता काम उरकायची सवय त्यांनाही होती, फक्त त्यांची पद्धत वेगळी होती.

लहानपणी कुटुंब बडोद्याला गेलं. तिथे विनोबा तासन् तास भटकायचे, तेही भर उन्हात अनवाणी. याचा त्रास डोळ्यांना झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि मध्येच सुरतला उतरून थेट काशी गाठली. त्याच वर्षी गांधीजींची भेट झाली.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. विनोबा बोलायचे, लिहिणारा हात दुसऱ्याचा. पुढे पदयात्रेतही हेच चाललं.

१८ एप्रिल १९५१. तेलंगणातलं पोचमपल्ली. भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावासमोर विषय काढला आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. भूदान इथून सुरू झालं.

मग जवळपास १३ वर्षं पायी प्रवास. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन निघायचं, दहा-बारा मैल चालायचं, पुढच्या गावात सभा घ्यायची. वाटेत माणसं बाजूने चालत, प्रश्न विचारत. विनोबा उत्तरं देत, सोबतचे लोक टिपून घेत. म्हणजे आपल्या भाषेत मल्टिटास्किंगच. पण नजर समोरच्या वाटेवर आणि माणसावर. हातातल्या कशात तरी डोकं घालून चालणाऱ्याला कोण जमीन देणार?

टायपिंगशीही त्यांचा संबंध आहे बरं का. छपाई आणि टंकलेखन सोपं व्हावं म्हणून देवनागरी सुटसुटीत करायला त्यांनी लोकनागरी लिपी पुढे आणली. ती काही रुजली नाही.

भूदानाचा हिशोबही सरळ नाही. ४० लाख एकरांहून जास्त जमीन मिळाल्याचं सांगितलं जातं. पण बरीचशी खडकाळ किंवा वादातली निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. दान जाहीर करणारे पुष्कळ होते, सातबारा बदलून देणारे कमी. विनोबा पुढच्या गावाला निघून जायचे, मागची कागदपत्रं तशीच राहायची. त्यांच्यावरची ही टीका खोडून काढणं अवघड आहे.

१९६४ मध्ये ते चालतच पवनारला परतले. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांनी अन्न आणि औषध सोडलं, १५ तारखेला तिथेच देह ठेवला. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिलं.