कर्करोगाच्या मुळाशी जाणारे डॉ. खानोलकर

गोमंतकीय कुळातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ सालचा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते मुंबईस परतले व अध्यापनात रमले. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखालील पेशींवर ते थांबले नाहीत. रुग्ण काय खातो, काय चघळतो, कोणत्या चालीरीतींत वाढला, हेही त्यांनी तपासले. तंबाखू आणि मुखाचा कर्करोग यांचे नाते त्यातून उलगडत गेले. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. १९७८ मध्ये ते निवर्तले.

दहाच वर्षांनी मेलबर्नच्या संशोधकांना सवयींच्या अशाच चौकशीतून ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळला. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असलेल्यांवरील चाचणीने पुढे त्यास पुष्टी दिली. मात्र ही साधी गोळी पोटात वा मेंदूत रक्तस्रावही घडवू शकते. म्हणून ती वैद्यांच्या सल्ल्यावाचून नित्य घेऊ नये. रोग जडण्याआधीच त्याची वाट अडवावी, ही खानोलकरांच्या संशोधनाची दिशा आजही तितकीच मोलाची आहे.