वाल्देमार कोर्देरो : रेषेकडून अंकाकडे

वाल्देमार कोर्देरो यांचा जन्म १९२५ साली रोम येथे झाला. वडील ब्राझीलचे, आई इटलीची. कलाशिक्षण रोममध्येच घेऊन १९४६ मध्ये ते ब्राझीलमधील साओ पावलो येथे आले. तेथे त्यांनी वृत्तपत्रांतून कलासमीक्षा लिहिली. पुढे उद्यानरचनाकार म्हणूनही काम केले.

१९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने 'रुप्तुरा' हा कलावंतांचा गट उभा राहिला. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ फारकत. निसर्गाची नक्कल करणाऱ्या चित्रकलेशी, तसेच केवळ कलावंताच्या मनोवस्थेतून उमटणाऱ्या आकारांशीही ही फारकत होती. चित्रात रेषा, रंग आणि अवकाश यांचे काटेकोर संबंध तेवढे असावेत. माणसाच्या चेहऱ्याला तेथे मज्जाव. ही भूमिका आज काहीशी कर्मठ वाटेल. परंतु कला ही खासगी लहर नसून ज्ञानाचा एक प्रकार आहे, ही धारणा तिच्या मुळाशी होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

१९६४ च्या सुमारास त्यांनी रोजच्या वापरातील वस्तू कलाकृतींत आणल्या. खरे वळण आले ते १९६८ मध्ये. साओ पावलो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जिओर्जिओ मोस्काती यांच्यासह ते संगणकाकडे वळले. त्यांची पहिली कृती चित्र नव्हती, तर शब्द होते. 'बेआबा' म्हणजे आपल्याकडील बाराखडीच. पोर्तुगीजमध्ये कोणत्या अक्षरामागून कोणते अक्षर किती वेळा येते, या संभाव्यतेवरून संगणक शब्द घडवी. ते पोर्तुगीज वाटत, पण बहुतेकांना अर्थ नसे. भाषेच्या अभ्यासकाला ही कृती चित्रांहून अधिक मोलाची वाटली, तर नवल नाही.

१९६९ मध्ये त्यांनी एका तरुण जोडप्याचे छायाचित्र घेतले. त्याचे बिंदूंत विभाजन करून प्रत्येक बिंदूच्या उजेडाला अंक दिला आणि त्या अंकांवर कलनशास्त्रातील विकलनाची क्रिया केली. विकलन बदल मोजते. त्यामुळे जेथे छटा एकसारखी तेथे शून्य येते, जेथे ती पालटते तेथे ठसा उमटतो. क्रिया पुन्हा पुन्हा केली, तसतसे ते जोडपे विरत गेले. १९७१ च्या एका कृतीत व्हिएतनामी मुलीचा चेहरा आहे. ज्याला एकेकाळी दाराबाहेर ठेवले, तो चेहरा असा अंकांच्या वाटेने आत आला. गणिती शिस्त मात्र त्यांनी सोडली नव्हती.

त्याच वर्षी साओ पावलो येथे त्यांनी 'आर्तेओनिका' हे प्रदर्शन भरविले. संग्रहालयात टांगलेले एकमेव चित्र महानगरातील लाखो लोकांपर्यंत पोहोचू शकत नाही. अंकांत मांडलेले चित्र मात्र दूरसंचाराने कोठेही धाडता येईल, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे कँपिनास येथील विद्यापीठात हेच काम चालू असता, १९७३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.