कुंपणाआडचे एरिक काका

एरिक लिडल हे नाव आपल्या मंडळ्यांतून बहुधा एकाच गोष्टीसाठी घेतले जाते. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्या शर्यतीत उतरला नाही. शब्बाथशाळेत आपण ही गोष्ट मुलांना सांगतो आणि बहुधा तेथेच थांबतो. परंतु ज्या मुलांनी त्यांना सर्वांत जवळून पाहिले, त्यांच्या आठवणीत ते प्रामुख्याने एरिक काका म्हणून राहिले. ही मुले त्या वेळी चीनमध्ये शत्रूच्या कैदेत होती.

लिडल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएनत्सिन येथे झाला. त्यांचे आईवडील लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. एरिक सहा वर्षांचे असताना त्यांना व त्यांच्या थोरल्या भावाला इंग्लंडातील मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेत ठेवून आईवडील चीनला परतले. त्यानंतर मायबापांची भेट वर्षानुवर्षांनी, रजेच्या काळातच होई. आईविना वसतिगृहात रात्र कशी जाते हे त्यांना लहानपणीच कळले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग झाला.

एडिंबरो विद्यापीठात शिकत असता ते रग्बीत स्कॉटलंडकडून खेळले आणि धावण्यात नामांकित झाले. पॅरिसचे वेळापत्रक काही महिने आधीच कळले होते. शंभर मीटरऐवजी त्यांनी चारशे मीटरचा सराव केला आणि ११ जुलै १९२४ रोजी ती शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळवले. दोनशे मीटरमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले. दुसऱ्याच वर्षी ही कीर्ती मागे ठेवून ते चीनला गेले आणि तिएनत्सिन येथील कॉलेजात मुलांना शास्त्र शिकवू लागले. १९३२ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९३४ साली कॅनडाच्या मिशनरी कुटुंबातील फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

जपानने चीनवर स्वारी केल्यानंतर ते सिआओचांगच्या खेडवळ भागात सेवेसाठी गेले. १९४१ साली धोका वाढला, तेव्हा गरोदर पत्नीस व दोन मुलींस त्यांनी कॅनडास पाठवले आणि स्वतः मागे राहिले. तिसरी मुलगी कॅनडात जन्मली. तिला त्यांनी कधीच पाहिले नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना वेइशिएन येथील स्थानबद्धांच्या छावणीत नेले. ही जागा मूळची अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या आवाराची. भोवती भिंत, विजेच्या तारा आणि पहाऱ्याचे मनोरे. आत दीड हजारांच्या आसपास माणसे, व्यापारी, मिशनरी, म्हातारी आणि तान्ही सगळी एकत्र. त्याच वर्षी सप्टेंबरात चीफू येथील चायना इनलँड मिशनच्या शाळेतील मुले व शिक्षक तेथे आणले गेले. त्यांत शंभरांहून अधिक मुले अशी होती, की त्यांचे आईबाप दूर, चीनच्या मोकळ्या भागात सेवा करत होते. हडसन टेलर यांची चार पणतवंडेही त्यांच्यात होती.

या मुलांचा दिवस हजेरीने सुरू होई. छातीवर नंबराची पट्टी लावून रांगेत उभे राहायचे आणि पहारेकऱ्यांनी मोजायचे. न्याहारीला काओलिआंगची, म्हणजे चिनी ज्वारीची लापशी. हाडे मजबूत राहावीत म्हणून अंड्यांची टरफले कुटून ती पूड मुलांना चमच्याने देत, आणि ती मुकाट्याने गिळावी लागे. थंडीत मुले कोळशाची भुकटी मातीत कालवून गोळे वळत, तेव्हा कोठे शेगडी पेटे. गाद्यांतील ढेकूण वेचणे हे ठरलेले काम. तरी शिक्षकांनी शाळा बंद पडू दिली नाही. धड भांडी नसली तरी जेवताना ताठ बसावे, घास तोंडात असता बोलू नये, हा त्यांचा कडक दंडक होता. भीतीच्या दिवसांत या नियमितपणानेच मुलांना आधार दिला.

अशा मुलांना एरिक काकांनी आपला वेळ दिला. पुस्तके नव्हती, म्हणून रसायनशास्त्राचा पाठ त्यांनी हाताने लिहून काढला. खेळ भरवले. हॉकीच्या काठ्या मोडल्या, तेव्हा आपल्या चादरी फाडून त्या पट्ट्यांनी काठ्या बांधल्या. वृद्धांसाठी पाणी वाहणे आणि इतर कष्टाची कामे होतीच.

आणि मग प्रश्न उभा राहिला तो रविवारचा. छावणीत रविवारी खेळ नसत. लिडल यांचाही आग्रह तसाच होता. परंतु मोठ्या मुलांना तो रिकामा दिवस सरता सरेना. एका रविवारी त्यांनी आपल्याआपणच हॉकी मांडली. पंच कोणी नव्हता. खेळाचे भांडण झाले आणि भांडणाची मारामारी. पुढच्या रविवारी मैदानावर पंच म्हणून स्वतः एरिक लिडल उभे होते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्याने सुवर्णपदकासाठी रविवार मोडला नाही, त्याने तो मुलांच्या खेळासाठी मोडला काय? पॅरिसमध्ये रविवारी धावले असते तर मान त्यांचा स्वतःचा वाढला असता, आणि तो त्यांनी सोडला. वेइशिएनमध्ये ते मैदानावर गेले ते आईबापांपासून तुटलेल्या मुलांसाठी, आणि त्यात आपले नाव राखण्याचा मोह त्यांनी सोडला. दोन्ही वेळा देवाला पुढे ठेवले आणि स्वतःला मागे. प्रभू येशूने शब्बाथ दिवशी आजाऱ्यांना बरे केले, त्याचा अर्थ या शिष्याला उमगला होता, असेच म्हणावे लागेल.

मुलांच्या शास्त्रवर्गात ते डोंगरावरील प्रवचन शिकवत. शत्रूंसाठी प्रार्थना करा हा धडा त्या कुंपणात सोपा नव्हता, कारण शत्रू दाराशीच बंदूक घेऊन उभा होता. त्या वर्गातील स्टीफन मेटकाफ या मुलाने जपान्यांसाठी प्रार्थना करण्यास आरंभ केला. हिवाळ्यात त्याचे जोडे फाटले, तेव्हा लिडल यांनी आपले धावण्याचे जुने बूट दोऱ्याने शिवून त्याला दिले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतील गाठीने लिडल यांचा अंत झाला. वय अवघे ४३. छावणीतच त्यांना मूठमाती दिली, आणि शवपेटी वाहणाऱ्यांत स्टीफनही होता. पत्नीस ही वार्ता मे महिन्यात कळली.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सात जणांचे अमेरिकन पथक विमानातून छत्र्यांनी उतरले आणि मुले दरवाजातून बाहेर धावली. टेलर भावंडांना साडेपाच वर्षांनी आईबाप भेटले. स्टीफन मेटकाफ १९५२ साली मिशनरी होऊन जपानला गेले आणि सुमारे चाळीस वर्षे त्या लोकांत सेवा करून २०१४ साली निवर्तले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पॅरिसची गोष्ट जरूर सांगावी, पण तिच्यापाठोपाठ हॉकीच्या मैदानाचीही सांगावी. एकटी पहिली ऐकून मूल नियम शिकेल. दुसरीही ऐकली म्हणजे नियम कोणासाठी आहे हे त्याला समजेल. आपल्याही वर्गात आईबापांपासून दूर, वसतिगृहात वा नातलगांकडे वाढणारी मुले असतात. रविवारची उपासना आटोपल्यावर त्यांच्यासाठी कोणीतरी मैदानावर थांबले पाहिजे.