हत्तीरोगाची गोळी, फॉलिक अॅसिड, मेथोट्रेक्सेट : तिन्ही औषधांमागच्या टीमचा कॅप्टन भारतीय होता

विदर्भात हत्तीरोगाची मोहीम निघाली की घरोघरी डीईसीच्या गोळ्या दिल्या जातात. गरोदरपणात फॉलिक अॅसिड दिलं जातं. संधिवाताचे कितीतरी पेशंट मेथोट्रेक्सेट घेतात. या तिन्ही औषधांची मुळं अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या लॅबमध्ये आहेत आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

जन्म १८९५ चा, आंध्रातल्या भीमवरमचा. तरुणपणी त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने स्प्रू या पोटाच्या आजाराने गेले. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात सुब्बाराव खादी घालायचे. ते इंग्रज प्राध्यापकाला खटकलं आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाची एलएमएस पदवी हातात पडली.

मग त्यांनी हार्वर्ड गाठलं. तिथे सायरस फिस्क यांच्यासोबत १९२५ मध्ये त्यांनी रक्त-लघवीतलं फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली. शरीरात काय बिघडलंय हे रक्तातल्या एखाद्या घटकावरून ओळखायचं, ज्याला आज बायोमार्कर म्हणतात, त्याच वाटेवरचं हे काम. हीच पद्धत वापरून दोघांनी पेशींना ऊर्जा पुरवणारं एटीपी शोधलं. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची नोकरी दिली नाही.

१९४० मध्ये ते लेडर्लीत आले आणि खरा खेळ इथे सुरू झाला.

त्यांनी केमिस्ट, जीवशास्त्रज्ञ आणि बाहेरचे डॉक्टर यांना एकाच प्रश्नाला जुंपलं. १९४५ पर्यंत टीमने फॉलिक अॅसिड लॅबमध्ये बनवलं. स्प्रूमध्ये होणाऱ्या अॅनिमियावर ते लागू पडलं. भावांसाठी मात्र फार उशीर झाला होता.

तेवढ्यात बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना शंका आली, की फॉलिक अॅसिडमुळे ब्लड कॅन्सर उलट वाढतोय. म्हणजे त्याला अडवणारं औषध मिळालं तर? सुब्बारावांच्या केमिस्टांनी फॉलिक अॅसिडच्या रेणूत थोडा बदल करून अॅमिनोप्टेरिन पाठवलं. १९४८ मध्ये १६ गंभीर आजारी मुलांपैकी १० जणांना आराम पडला. तो तात्पुरता होता, पण ल्युकेमियाला औषधाने मागे रेटता येतं हे सिद्ध झालं. मेथोट्रेक्सेट हे त्याच अॅमिनोप्टेरिनचं भावंड.

या काळात दुसरी तुकडी उंदरांवर एकामागून एक रसायनं तपासत होती. त्यातून १९४७ मध्ये हत्तीरोगाचं डीईसी मिळालं. सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर मातीचे नमुने चाळत होते. त्यातून ऑरिओमायसिन आलं, टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं अँटिबायोटिक.

ऑरिओमायसिनचा शोधनिबंध एकट्या डग्गर यांच्या नावाने निघाला. फार्बर यांच्या ल्युकेमियावरच्या लेखातही लेखक म्हणून सुब्बाराव नाहीत. टीमचा प्रमुख प्रश्न निवडतो, माणसं जोडतो, साहित्य पुरवतो. पण निबंधावर नाव प्रयोग करणाऱ्याचं लागतं. सुब्बारावांनी स्वतःला पुढे केलं नाही आणि ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते अचानक गेले.

नोबेल मिळालं नाही. १९९५ मध्ये भारताने त्यांचं टपाल तिकीट काढलं. बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात मात्र 'फिस्क-सुब्बाराव पद्धत' हे नाव आजही भेटतं.